कृपाबाईंच्या दोन गाड्या

२००३ साली आमच्या गावाला स्वच्छता अभियानात उतरायची हुक्की आली. ग्रामपंचायतीनं लोखंडी ढकलगाडी आणली, तिला घंटा बसवली आणि ती ढकलायला माणूस शोधत सरपंच हौसरावआप्पा थेट बौद्ध वस्तीत माझ्या दारात आले. एवढं गाव सोडून इथंच का, हे मी विचारलं नाही. माझ्या मुलीनं, मायानं विचारलं. आप्पा म्हणाले, "योगायोग." मग मायानं नेमणुकीचं पत्र लिहून घेतलं, त्यावर शिक्का मारून घेतला, आणि मी, बन्सी, गावाचा पहिला घंटागाडीवाला झालो. पत्र मायाकडं राहिलं, पण महिन्याच्या पगारावर सही आप्पांचीच लागायची.

महिनाभर घंटा वाजवली. गाडी रिकामी जायची आणि जवळजवळ रिकामीच यायची. शहरातल्या साहेबाला हे समजत नाही, पण आमच्याकडं कचरा कुणी टाकत नाही, साठवतात. शेण, राख, वैरणीची चिपाडं, सगळं घराशेजारच्या उकिरड्यात जातं आणि उन्हाळ्यात खत होऊन रानात पडतं. दिवाळीला बायका तिथं पणती लावतात. मुलीसाठी स्थळ बघायला आलेला बाप आधी गोठा बघतो, मग उकिरडा, आणि चहाला नंतर बसतो. अंजनामावशी तर माझी घंटा ऐकून काठी घेऊनच बाहेर आल्या. "माझं खत फुकटात नेतो व्हय रं?" म्हणाल्या. लोकांना नको असायच्या त्या फक्त गुटख्याच्या पुड्या आणि कॅरीबॅगा, आणि त्या गाडीत टाकायचाही त्यांना कंटाळा. त्या उकिरड्यातच राहायच्या.

एप्रिलात तपासणी समिती येणार असं पत्र आलं. रस्त्याकडेला उकिरडा दिसला की गुण कापतात, असं ग्रामसेवक भाऊसाहेबांनी वाचून दाखवलं. आप्पांनी दवंडी दिली: सगळे उकिरडे उचलून गायरानात टाकायचे, समिती गेली की ज्याचं त्याला परत. पाटसच्या कारखान्याचा सीझन संपला होता, उसाचे ट्रॅक्टर रिकामेच उभे होते. भरायला मी आणि चार गडी.

कृपाबाईंचा उकिरडा मी एकट्यानं भरला. मिशनच्या जुन्या शाळेमागं त्या एकट्या राहायच्या. एक गाय, दोन शेळ्या आणि वीस गुंठे मुरमाड रान. खत पडलं तर त्या रानात बाजरी यायची, नाहीतर कुसळं. वर्षभर त्यांनी उकिरड्यातला प्लास्टिकचा कपटा न् कपटा हातानं वेचून काढला होता. दोन बैलगाड्या होईल एवढं काळंभोर खत झालं होतं.

"बन्सी, परत मिळंल न्हवं?" त्यांनी विचारलं.

"आप्पांनी दवंडी दिलीया की."

"ती आप्पांची झाली. तू काय म्हंतोस?"

"मिळंल," मी म्हणालो.

गायरानात ढीग वेगवेगळे होते तोवर ठीक होतं. पण भाऊसाहेबांना ते अव्यवस्थित वाटले. त्यांनी जेसीबी बोलावून सगळ्याचा मिळून एक लांबलचक ढीग केला, कडेनं चुना ओढला आणि बोर्ड रोवला: 'सामुदायिक खत प्रकल्प'. गावातल्या साठ घरांचे वर्षाचे कष्ट दोन तासांत एकजीव झाले.

समिती आली आणि खूश झाली. मोठ्या साहेबांनी विचारलं, "लाभार्थी कोण?"

आप्पांनी भाऊसाहेबांकडं पाहिलं, भाऊसाहेबांनी चुन्याकडं. ढिगापलीकडं कृपाबाई पाटी घेऊन बसल्या होत्या. समिती गेली की खत मिळणार, म्हणून त्या सकाळपासून समिती जायची वाट बघत होत्या.

"ह्या काय," भाऊसाहेब म्हणाले. "अल्पभूधारक महिला."

साहेबांनी त्यांनाच विचारलं, "बाई, हे खत तुम्ही नेणार?"

"माझं हाय, तर मीच नेणार की," कृपाबाई म्हणाल्या. साहेबांना हे उत्तर फार आवडलं.

निकाल येईपर्यंत ढिगाला कुणी हात लावायचा नाही, असं भाऊसाहेबांनी बजावलं. आठ दिवसांनी पत्र आलं. गावाचा तालुक्यात दुसरा नंबर. खाली एक ओळ होती: लाभार्थी श्रीमती कृपाबाई यांच्या लेखी संमतीशिवाय प्रकल्पातील खत हलवू नये.

त्या संध्याकाळी पारावर गाव जमलं. कुणाच्या किती गाड्या, हे जो तो सांगू लागला. अंजनामावशी दहा म्हणाल्या, आप्पा पंधरा. बेरीज तीनशेवर गेली. ढीग फार तर दीडशे गाड्यांचा होता. आप्पांच्या गाड्या नऊ, हे मला ठाऊक होतं, कारण त्या भरणारा मीच. पण पगाराची तारीख जवळ आली होती. मी गप्प बसलो, आणि त्याची लाज अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी सगळे कृपाबाईंच्या दारात. आप्पांनी त्या घरचा चहा जन्मात पहिल्यांदा घेतला. साखर कमी आहे, असंही म्हणाले नाहीत.

"सही करते," कृपाबाई म्हणाल्या. "पर आधी आपापलं प्लॅस्टिक येचा. माझ्या खतात तुमच्या पुड्या मिसळल्यात."

चार दिवस अख्खं गाव गायरानात उकिडवं बसून पुड्या वेचत होतं. ब्रँडवरून कुणाची कुठली हे सगळ्यांना ओळखू येत होतं, त्यामुळे फारसं कुणी बोलत नव्हतं. माझी घंटागाडी पहिल्यांदाच भरली. दिवसाला पाच फेऱ्या.

पाचव्या दिवशी कृपाबाईंनी कागदावर सही केली. कुणी बैलगाडी जुंपायच्या आत मी शेजारच्या मच्छिंद्राची मागून आणली आणि कृपाबाईंच्या रानात दोन खेपा टाकल्या. मग तिसरी नेली.

"ही कुणाची?" त्यांनी विचारलं.

"तुमचीच. समद्यांनी वाढवून सांगितल्यात. तुमी एक घेतली तर काय बिघडलं?"

"माझ्या दोनच व्हत्या, बन्सी. तूच भरल्या व्हत्यास."

मी बैल वळवले. गायरानाच्या तोंडाशी आप्पा उभे होते, मागं त्यांचे दोन ट्रॅक्टर.

"बन्सी, ही गाडी कुणाची रं?"

"उरलीया."

"मग माझ्याकडं टाक. पंधरात धरू."

मी कासरा ओढून धरला. पगार दोन दिवसांवर होता.

"तुमच्या नऊ व्हत्या, आप्पा," मी म्हणालो. "मीच भरल्या व्हत्या."