जाऊन ये

उर्वी, माझी पुतणी, दर रविवारी धारहून बसने देवासला येते आणि माझं डोकं खाते. दोन माणसांच्या एका जपानी कंपनीने जुन्या वळणाचा एक व्हिडिओ गेम काढलाय, आणि त्यांच्या परवानगीने ही इंग्रजीवरून त्याचं मराठी करते आहे. शिक्षण सगळं हिंदीत, मराठी वाचताना अडखळते, आणि निघाली भाषांतर करायला. तपासायला मी, रिटायर ड्रॉइंग मास्तर.

"या गावातली सगळी घरं एकसारखी का गं?"

"काका, बजट नव्हतं ना त्यांचं."

"आणि हा राक्षस मघाशी हिरवा होता."

"लालवाला ज्यादा ताकदवर आहे."

रंग बदलला की ताकद वाढते, हे मला नवीनच होतं. चार पावलं टाकली की लढाई. एकच धून ऐकून कान किटले. गावातला शिंपी कितीदाही भेटला तरी तेच वाक्य बोलायचा. मला खरोखर वैताग आला होता.

मग नायकाची आई दिसली, दारात उभी. मी खुर्ची पुढे ओढून पडद्यावर ती ज्या चौकोनांनी बनली होती ते मोजले. सोळा आडवे, सोळा उभे, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके. नाक नाही, तोंड नाही, तरी ती आई होती. डावीकडून बोललं की डावीकडे वळायची, उजवीकडून बोललं की उजवीकडे. छत्तीस वर्षं मी मुलांना चेहरे काढायला शिकवले, पण इतक्या थोडक्यात कुणी आई काढलेली पाहिली नव्हती. मी थक्क होऊन बघत राहिलो.

नायक घरातून निघाला. उर्वीने लिहिलं होतं, "आई, मी जातो." आईचं उत्तर होतं, "जा."

"हे काय लिहिलंस?" माझा आवाज चढला. "घरातून निघताना 'जातो' म्हणतात?"

"इंग्लिशमध्ये हेच आहे, काका. मैं जाता हूँ. गलत काय आहे?"

चूक काय, ते मला चांगलं ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी माझा मुलगा विपुल इथली पक्की नोकरी सोडून बंगळूरला निघाला, तेव्हा आमचं चांगलंच वाजलं होतं. दारात तो म्हणाला, "जातो." मी पेपरमधून मान वर न करता म्हणालो, "जा." तेव्हापासून त्याने या घरात पाऊल ठेवलेलं नाही. सणावाराला फोन करतो, तब्येत विचारतो, 'ठेवतो' म्हणतो आणि ठेवतो.

उर्वीला एवढंच सांगितलं, की त्या जपान्यांना मूळ शब्द विचार.

पुढच्या रविवारी ती उत्तर घेऊन आली. तिकडे निघणारा म्हणतो, "जाऊन येतो," आणि घरातलं माणूस म्हणतं, "जाऊन ये." इंग्रजी करणाऱ्याने त्यातलं येणं वाटेत सांडून टाकलं होतं.

"सेम टू सेम आपल्यासारखं, काका."

समुद्रापलीकडची माणसंही दारात उभं राहून हेच म्हणतात.

"आई दर वेळी हेच बोलते?"

"हर बार. दुसरं लिहायला त्यांना टाइम नव्हता."

तिने वाक्य दुरुस्त केलं आणि मी नायकाला दहा वेळा घराबाहेर काढलं. तो कधी हरून परत आला, कधी रिकाम्या हाताने. दहाही वेळा ती त्याच्याकडे वळली आणि म्हणाली, "जाऊन ये." एकदाही रुसली नाही. तेच तेच वाक्य, गेमच्या याच गरिबीला मी वैतागलो होतो, आणि मला माझीच लाज वाटली.

उर्वी चहा टाकायला आत गेली, तेव्हा मी विपुलला फोन लावला.

"काय बाबा, तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. त्या दिवशी मी 'जा' म्हणालो, ते चुकलं. जाऊन ये म्हणायचं होतं."

तो म्हणाला, "येतो, बाबा."

"ये," मी म्हणालो, आणि फोन कानाला तसाच धरून दारापर्यंत गेलो.