दहा ते अकरा काम बंद

"काका, हे पुसा."

हमालांच्या शेडमधल्या फळ्यासमोर मिनल उभी होती. नुकतंच कोणीतरी खडूने लिहिलं होतं, 'हबशी वारला. दहा ते अकरा काम बंद.' वारला तो तिचा बाप, शालिकराम. काल त्याला गंगाबाई घाटावर पोचवून झालं होतं आणि आज ती त्याचं सामान न्यायला धान्यबाजारात आली होती.

"काहून वं?" टोळीचा मुकादम चंपतराव म्हणाला. त्याचे डोळे सुजले होते. "मीच लिवलं."

"त्याइचं नाव शालिकराम होतं."

"असन. पण शालिकराम लिवलं तं कोणाले समजन, कोण गेलं म्हणून?"

म्हातारा खोटं बोलत नव्हता. चौतीस वर्षांपूर्वी शालिकराम काटोलकडून पहिल्यांदा इथे आला, तेव्हा त्याचा काळा रंग आणि कुरळे केस पाहून याच चंपतरावाने 'हा हबशी कुठून धरून आणला' म्हटलं होतं. टोळी पोट धरून हसली. पुढे तो एकटा क्विंटलचं पोतं उचलायला लागला, मग हबशी म्हणजे ताकदवान झाला. आठ भाकरी खायचा, म्हणून खादाड झाला. केस पिकेपर्यंत तर लोक लाडाने हबशी म्हणायला लागले. शब्दाचे अर्थ सगळ्यांनी आपापल्या सोयीने बदलले, त्या माणसाला कोणी विचारलं नाही.

घरी त्याने हा शब्द कधी उच्चारला नाही. फक्त दर रविवारी दुधात बेसन-हळद कालवून लहानग्या मिनलचं तोंड चोळायचा, कातडी लाल होईपर्यंत. ती रडायची. तरी चोळायचा. त्या वेळी तिला बापाचा राग यायचा.

अडत्याचा शिकलेला मुलगा अनिश मध्ये पडला. "ताई, हबशी म्हणजे समुद्रापलीकडचे, आफ्रिकेतले लोक. गुलाम म्हणून आणले होते, पण पुढे सरदार झाले, किल्ले राखले त्यांनी. शिवी नाही ती. मानाचा शब्द आहे."

"मंग तुमच्या दुकानाच्या पाटीवर लिहा नं."

अनिश मोबाइल पाहू लागला.

चंपतरावाने फडकं दिलं. मिनलने पहिला शब्द पुसला आणि शाळेतल्यासारख्या गोल अक्षरांत लिहिलं, 'शालिकराम बळीराम राऊत'.

दहा वाजले. चंपतरावाची टोळी खाली बसली. बाकीचा बाजार मात्र चालूच राहिला. समोरच्या वजनकाट्यावर तुरीची पोती चढत होती, उतरत होती. दोन हमाल फळ्यापाशी थांबले.

"कोण गा हा?"

"मालूम नाही. दुसऱ्या कोण्या बाजारातला असन."

ते गेले. याच लोकांबरोबर बापाने चौतीस वर्षं पोती वाहिली होती.

चंपतराव तिच्याजवळ आला. "पोरी, एक डाव ते नाव जोरानं सांगू का? एका शब्दात सारा बाजार थांबन."

तिलाही ठाऊक होतं, थांबेल. बापासाठी सगळे पोती खाली ठेवतील, डोळेही पुसतील. तिने मान हलवली. नको.

चंपतराव परत जाऊन बसला. मिनल उन्हात उभी राहिली.

"ताई, बाजूले सरा," पाठीवर पोतं घेतलेला एक हमाल म्हणाला.

ती सरली.