फक्त ओठ दिसतील

चेहरा दिसणार नाही, फक्त ओठ दिसतील, असं फिल्म काढणाऱ्या रघूने अतियाला पुन्हा पुन्हा बजावलं होतं. नाकाच्या खाली आणि हनुवटीच्या वर, एवढाच भाग तो कॅमेऱ्यात घेणार होता. आवाजही तिचा ठेवणार नव्हते. ठाण्याची एक मुलगी तीच वाक्यं तिच्या जागी बोलणार होती, आणि बोलण्यात नाव आलं की तेवढा आवाज गाळणार होते. "घरचेसुद्धा ओळखणार नाहीत," रघू म्हणाला. अतियाने मान डोलावली, आणि त्या दिवसापासून तिला सगळ्यांचाच संशय यायला लागला.

भिवंडीतल्या मुलींच्या एका ज्युनियर कॉलेजात ती रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळायची. बी.एस्सी. होऊन वर्ष उलटलं होतं, पण नोकरी अजून कायम झालेली नव्हती. बी.एस्सी.च्या मधल्या वर्षी ती अंथरुणावरून उठेनाशी झाली होती. ताप नाही, खोकला नाही, पण वेणी घालायला हात वर जात नसे. घरच्यांनी मोहल्ल्यात कावीळ सांगितली आणि गुपचूप ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या सुरू केल्या. त्यांनी ती सावरली. त्याच बाई आता कॉलेजाकॉलेजांतून मनाच्या आजारांवरच्या छोट्या फिल्म दाखवत आणि नंतर मुलांना बोलतं करत. नट रडायला लागला की मुलं हसतात, खरं माणूस हवं, असं म्हणून त्यांनी अतियाला विचारलं. अतिया हो म्हणाली, कारण आपल्या वेळी असं कुणी दाखवलं असतं तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. अट एकच: कुणाला कळता कामा नये. कळलं तर ॲसिडच्या कपाटाची किल्ली हातातून जाणार हे तिला स्पष्ट दिसत होतं. डोक्याच्या गोळ्या खाल्लेल्या बाईच्या ताब्यात सल्फ्युरिक ॲसिड कोण ठेवील? आणि किल्लीच नसेल, तर प्रयोगशाळेत तिचं काम काय?

फिल्मची कॅसेट आली तेव्हा तिने रीतसर चाचणी घ्यायची ठरवली. रघूच्या शब्दावर विसंबायचं नाही. माणसाला दाखवून बघायचं. प्रयोगशाळेतल्या मदतनीस मैनाताई रोज वडप्याहून यायच्या. घरची भातशेती, नजर तीक्ष्ण, आणि अतियाचं तोंड दिवसभर त्यांच्यासमोर. अतियाने दार लावून घेतलं, टीव्ही सुरू केला आणि टीव्हीकडे न बघता मैनाताईंच्या चेहऱ्याकडे बघत बसली.

"कोन हाय गं ही?" मैनाताईंनी विचारलं.

"तुम्हाला कोण वाटते?"

"ठान्याची वाटते. आपल्याकडं कुनी असं सांगेल व्हय? लगीन करायचं न्हाय का तिला?"

अतियाने कॅसेट परत पिशवीत घातली. मैनाताई उगीच तर म्हणाल्या नसतील ना, ओळखूनही गप्प बसल्या नसतील ना, असं ती दोन दिवस घोकत राहिली. पण मैनाताईंच्या पोटात काही राहत नाही हे सगळं कॉलेज जाणत होतं. तिसऱ्या दिवशी तिने डॉक्टरीणबाईंना निरोप दिला, की दाखवा.

कार्यक्रम कॉलेजच्या सभागृहात भरदुपारी झाला. खिडक्यांना चादरी लावून अंधार केला, तर आत उकडून मुली वह्यांनी वारा घ्यायला लागल्या. शेवटी एका बाजूच्या खिडक्या उघडल्या. त्या बाजूला लूमचं, यंत्रमागांचं शेड होतं. खिडक्या उघडताच खटखटाट आत शिरला आणि टीव्हीचा आवाज त्यात बुडाला. रघूने बटण शेवटपर्यंत फिरवलं तरी मागच्या रांगांना काही ऐकू जाईना. डॉक्टरीणबाई अस्वस्थ झाल्या. मुली मात्र झाल्या नाहीत. पहिल्या दोन फिल्म त्यांनी कुजबुजत, एकमेकींना कोपर मारत बघितल्या. तिसरी लागली, पडद्यावर नुसते ओठ आले, आणि सभागृह शांत झालं.

अतिया भिंतीला टेकून उभी होती. ओठ सांगत होते, की रोज सकाळी अम्मी हाक मारायची, ऊठ गं, कॉलेजला उशीर होतोय, आणि ती हाक मला विहिरीच्या तळातून यावी तशी ऐकू यायची. हाकेतलं नाव जिथे होतं तिथे रघूने आवाज गाळला होता. नेमक्या त्याच जागी पुढच्या रांगेतल्या एका मुलीचे ओठ हलले. तिच्या शेजारणीचे हलले. मग मागे, त्याच्याही मागे. आवाज कुणीच काढला नाही. अतियाने भिंतीपासून त्यांच्या ओठांवरून स्वतःचं नाव वाचलं.

तेव्हा कुठे तिला कळलं की चाचणी चुकीच्या माणसावर घेतली. तिच्या वडिलांचे, गुलाम हुसेन यांचे, घरालगत आठ लूम होते. अम्मी त्या टोकाला बसून सुताच्या कांड्या भरायची, वडील या टोकाला, आणि त्या खटखटाटात सगळं घर नुसत्या ओठांनी बोलायचं: भाजी काय करू, मिस्त्री आला का, पोरगी कुठे गेली. लहानपणापासून हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की ही वेगळी काही विद्या आहे आणि ती सगळ्यांना येत नाही, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. सभागृहातल्या बहुतेक मुली अशाच घरांतल्या. वडप्याच्या शेतात कुणाला ओठ वाचायची गरज पडणार?

फिल्म संपल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कुणाला काही विचारायचंय का. कुणी हात वर केला नाही. मुली मुकाट्याने रांगेत बाहेर पडल्या. भिंतीशी आल्यावर प्रत्येकीने मान खाली घातली, आणि ते अतियाला हसण्यापेक्षा वाईट वाटलं.

पुढच्या आठवड्यात तिने पाहिलं, की प्रात्यक्षिकाच्या वेळी ती बोलायला लागली की मुली तिच्या डोळ्यांकडे न बघता ओठांकडे बघतात. बारावीची मेहरुन्निसा नावाची एक मुलगी तर प्रयोग सोडून बघत बसायची. ही घरी जाऊन माझी नक्कल करत असणार, अतियाने ठरवून टाकलं. मैनाताईंनी न सांगता बाटल्या उचलून ठेवल्या, तर त्यातही तिला संशयाचा वास आला. अम्मी मोहल्ल्यात कुणाकडे जाईनाशी झाली. आल्या-गेल्यासमोर ओढणीने तोंड झाकून बोलायला लागली.

मग प्राचार्यांनी बोलावलं. त्यांनी अतियाला अकरावीत शिकवलं होतं, त्यामुळे ते एकेरीतच बोलत. आधी चहा मागवला. दोन-तीन पालक येऊन गेले, म्हणाले. ॲसिडबद्दल विचारत होते.

"मी काही विचारत नाही," ते म्हणाले. "तू फक्त उद्या स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर एकदा म्हण, की ती मी नव्हे. बाकीचं मी बघतो. त्या ठाण्याच्या लोकांनाही परत बोलवायचं नाही. विषय मिटला."

अतिया कपातल्या चहाकडे बघत राहिली. सरांच्या डोळ्यांत तिला वाईट काही दिसेना, आणि म्हणूनच जास्त भीती वाटली. एकच वाक्य बोलायचं होतं. प्रयोगाचं उत्तर जुळलं नाही, तर आकडा खोडून सोयीचा लिहायचा नाही, हे ती रोज मुलींना ओरडून सांगायची. आणि ती 'मी नव्हे' म्हणाली असती, तर ज्यांनी तिचं नाव वाचलं होतं त्या सगळ्या मुलींना ते खोटं आहे हे ठाऊक असतं. त्या एवढंच शिकल्या असत्या, की बऱ्या झालेल्या माणसानेही हे लपवायचंच असतं.

"सर, ती मीच आहे," ती म्हणाली. "आता बरी आहे."

सर टेबलाच्या खणाशी चाळा करत म्हणाले, की नोकरीचं ते समितीला विचारून बघतील, पण तोवर किल्ली मैनाबाईंकडे राहू दे. अतियाने ती जुडग्यातून काढून टेबलावर ठेवली.

त्यानंतर ॲसिड हवं असलं की तिला मुलींसमोर मैनाताईंना हाक मारावी लागे. मैनाताई कपाट उघडून देत आणि नजर चुकवत. अशाच एका प्रात्यक्षिकानंतर सगळ्या गेल्या, पण मेहरुन्निसा नळाशी उभी राहून धुतलेल्या परीक्षानळ्या पुन्हा धूत बसली.

"मॅडम, त्या डॉक्टरीणबाई ओरडतात का?"

अतिया सावध झाली. तिने दाराबाहेर कुणी उभं आहे का ते बघितलं. कुणी नव्हतं.

"तुला कुणी पाठवलं?"

"कुणी नाही."

"कुणासाठी विचारतेस?"

"चुलत बहिणीसाठी." मेहरुन्निसाने नळ मोठा केला. "तिला झोप लागते. पण सकाळी उठावंसंच वाटत नाही. घरात म्हणतात, नखरे आहेत."

अतिया तिच्याकडे निरखून बघत राहिली. पोरगी खरंही बोलत असेल. किंवा उद्या सकाळी जिन्यात मैत्रिणींना हे सगळं रंगवून सांगत असेल. ओळखायला कुठली चाचणी नव्हती.

"ओरडत नाहीत," ती म्हणाली. "खूप प्रश्न विचारतात, तेवढंच. गुरुवारी मला त्यांच्याकडे जायचंच आहे. सकाळी एस.टी. स्टँडवर ये बहिणीला घेऊन. मी बरोबर असेन."

मेहरुन्निसाने नळ बंद केला.

"ती एकटीच येईल, मॅडम," ती म्हणाली, आणि मग कालचीच, सुटत आलेली वेणी मागे टाकून परीक्षानळ्या एक-एक करून स्टँडवर उलट्या लावायला लागली.