कडी नसलेले दार

मागच्या सव्वा वर्षात तुइरे काउप्पिला तीनदा बेशुद्ध पडली. तिन्ही वेळा शनिवार होता आणि तिन्ही वेळा जागा एकच होती: इमारतीच्या तळघरातली सामाईक सौना, तापल्या दगडांची वाफेची खोली. दार तिच्यापासून दोन पावलांवर होते. त्या दाराला कडी नाही, आणि ते बोटाने ढकलले तरी बाहेर उघडते.

"हृदय ठणठणीत, रक्तदाब ठीक, साखर ठीक." रेयोने कागद वाचून तिला परत दिला. रेयो रहिवासी मंडळाचा अध्यक्ष, आणि तिसऱ्या खेपेला तिला बाहेर ओढणाराही तोच. "म्हणजे डॉक्टरलाही कळलेलं नाही."

"नाही."

"बघ तुइरे, हेल्मी होती तोवर काळजी नव्हती. तुझ्यानंतर तिची पाळी, म्हणजे कुणीतरी येणार हे नक्की. म्हातारी वृद्धाश्रमात गेली आणि ती वेळ रिकामी पडली. त्या दिवशी माझी छत्री खाली राहिली होती म्हणून वाचलीस."

"छत्रीला माझा नमस्कार सांग."

"थट्टा पुरे. मेच्या बैठकीत ठराव येतोय. कारण आण, नाहीतर शनिवारची पाळी बंद."

कुओपिओ शहरात माणसाकडून पुष्कळ काही काढून घेता येते आणि तो गप्प बसतो. शनिवारच्या सौनाचे तसे नाही. सत्तावन्न वर्षांत तुइरेचा एकही शनिवार कोरडा गेला नव्हता. शिवाय ती दूधसंघाच्या प्रयोगशाळेत तापमापक तपासण्याचे काम करी. कारणाशिवाय पारा हलत नाही, हे ती तीस वर्षे नव्या लोकांना बजावत आली होती. आता स्वतःच्याच बाबतीत तिच्याकडे कारण नव्हते, याची तिला बेशुद्धीपेक्षा जास्त लाज वाटे.

डॉक्टरांनी तिला पिल्वीकडे पाठवले होते. पिल्वी ही मानसोपचार करणारी, तुइरेहून वीस वर्षांनी लहान. पहिल्याच मंगळवारी तुइरेने आपले बालपण चार वाक्यांत सांगून टाकले होते: बाप लाकडाच्या गिरणीत होता. शनिवारी प्यायचा. आईला मारायचा, मला मारायचा. तो गेला त्याला एकोणीस वर्षं झाली.

"आणि तुला काय वाटतं?" पिल्वीने विचारले होते.

"वाटण्याला एकक नसतं."

"मग तुझ्याकडे जे एकक असेल ते आण."

तेव्हापासून तुइरे मिनिटे आणू लागली. चौदाव्या मंगळवारी तिने वही उघडून पुढे सरकवली. तपासून घेतलेल्या तापमापकावर दर वेळी ऐंशी अंश, आत जाण्याची वेळ पाच.

पिल्वीने एका ओळीवर बोट ठेवले. "इथं तू तेवीस मिनिटं बसलीस. निघायचं कधी ठरवलंस?"

"पंधराव्या मिनिटाला."

"मग मधली आठ मिनिटं काय करत होतीस?"

तुइरेने उत्तर द्यायला तोंड उघडले आणि जे बाहेर आले ते तिला स्वतःलाच नवीन होते. "ऐकत होते."

"काय?"

"काहीच नव्हतं ऐकायला. तरी कान लावून बसले होते."

तुइरेच्या दंडावर काटा आला. तिने तो पाहिला आणि, सवयीने, वेळ टिपली.

"लहानपणी सौनात तुझ्याबरोबर कोण असायचं?"

"आई. ती आता नाही. आणि धाकटी बहीण, आउली. तिनं गेल्या तीस वर्षांत माझ्याबरोबर सौनात पाऊल टाकलेलं नाही."

"का?"

"विचारलं नाही कधी."

"मोजमापाच्या बाईनं एक माप घ्यायचंच ठेवलंय की," पिल्वी म्हणाली.

तुइरे इतक्या घाईने निघाली की टोपी खुर्चीवरच राहिली. वार्काउसला जाणाऱ्या बसमध्ये तास-सव्वा तास ती पुढच्या आसनाची कड धरून बसली. तळ्यांवरचा बर्फ कडेकडेने सुटू लागला होता. प्रयोगशाळेत एखादा हट्टी आकडा हलू लागला की ती अशीच बसे.

आउलीने दार उघडले तेव्हा तिचे हात पिठाने माखले होते आणि घरभर वेलचीच्या पावाचा वास होता. "मंगळवारी? कोण गेलं?"

"कुणी नाही. तू माझ्याबरोबर सौनात का येत नाहीस?"

"आधी कोट तरी काढ, बाई."

"आउली."

आउलीने हात पुसले. बराच वेळ पुसले. "तू दार धरून ठेवायचीस. मी सहा वर्षांची. गुदमरतंय, सोड, म्हणून रडायचे आणि तू दाराच्या मुठीला लटकलेली. दगड निवेपर्यंत. मला वाटायचं, बाबांचा हात तुझ्यातही उतरलाय."

"धरायचे ते आठवतं," तुइरे सावकाश म्हणाली. "कशासाठी, ते आठवत नाही."

"कशासाठी म्हणजे? आई ठोकेपर्यंत."

"काय ठोकेपर्यंत?"

"भिंत, बाहेरून. दोनदा. बाबा आधी एकटे न्हाऊन घ्यायचे आणि घरात जाऊन बाटली उघडायचे. मग आपण तिघी. सौनाजवळ त्यांनी कधी आवाज चढवला नाही. तिथं चर्चमधल्यासारखं वागायचं, ही आजीची शिकवण. जन्मात तेवढी एकच पाळली. म्हणून आई आधी बाहेर जाऊन बघायची. ते टेबलावर डोकं टाकून झोपले की येऊन दोन ठोके. मगच आपण…" आउली थांबली. तिने डावे मनगट उजव्या हातात धरले. ते मनगट जरा वाकडे होते.

"एकदा तू ठोक्याआधी पळालीस," तुइरे म्हणाली.

"हो."

"मी दार त्याच्या आधी धरायचे की नंतर?"

आउलीने मनगट सोडले. "नंतर. त्याच्या पुढच्या शनिवारपासून." मग ती खुर्चीत बसली. "एवढी वर्षं मी हे उलटं धरून बसले होते."

तुइरे मात्र उभीच होती. "हेल्मी," ती म्हणाली.

"आता ही कोण हेल्मी?"

"माझ्यानंतरच्या पाळीची म्हातारी. बाहेर कपडे बदलायच्या खोलीत आली की काठी भिंतीला टेकवायची. काठी घसरायची, ती परत टेकवायची. ठक, ठक. बावीस वर्षं, आउली. ती मागच्याच्या मागच्या नाताळात वृद्धाश्रमात गेली आणि मी लगेच जानेवारीत पहिल्यांदा पडले." ती हसत होती आणि तिचे गाल ओले झाले होते, दोन्हींपैकी कशाचेही तिला भान नव्हते. "पण मग मी दर शनिवारी का पडले नाही? शेजारी धुलाईची खोली आहे, तिथली खडबड भिंतीतून ऐकू येते. तिथल्या पाळ्यांची वही बघायला हवी."

"पाव खाऊन जा आणि बघ. वही कुठे पळत नाही." आउलीने ताटली पुढे ठेवली. "शनिवारी मी येते. ठोकायला."

"ये. पण ठोकू नकोस. नुसती बाहेर बस."

त्याच संध्याकाळी तुइरेने तळघरात वही पाहिली. धुलाईच्या खोलीत शनिवारी पाचनंतर नेहमी कुणी ना कुणी खडबड करीत असे. तीनच शनिवारी पाळीचे रकाने रिकामे होते. तारखा तिला पाठ होत्या.

शनिवारी पाचला ती आत गेली. तापमापकावर ऐंशी. पंधराव्या मिनिटाला कान आपोआप भिंतीकडे वळले. भिंत गप्प होती. धुलाईची खोली तिने त्या वेळेपुरती स्वतःच्या नावावर लावून रिकामी ठेवली होती. छाती धडधडत होती, पाय जड झाले होते, आणि या वेळी हे का होते आहे ते तिला ठाऊक होते. तिने एक पाय खाली ठेवला. मग दुसरा. दार बोटाने ढकलले.

बाहेर बाकावर आउली बसली होती. दोन्ही हात तिने मांड्यांखाली घट्ट दाबून धरले होते, चुकूनही भिंतीवर पडू नयेत म्हणून.

"किती?" तिने विचारले.

"सोळा."

एका निरीक्षणाने काही सिद्ध होत नाही. म्हणून त्यांनी ते आणखी चार शनिवार केले. शेवटच्या शनिवारी आउलीही आत आली आणि दाराशेजारी बसली. दार कुणी धरले नाही.

मेच्या बैठकीत तुइरेने रेयोच्या हातात एक कागद दिला. वर तारखा होत्या, मिनिटे होती, धुलाईच्या वहीतले तीन रिकामे रकाने होते. खाली लिहिले होते:

"कारण: लहानपणी वडिलांचा मार चुकवण्यासाठी आम्ही, आईने भिंतीवर दोनदा ठोकल्याशिवाय, सौनातून बाहेर पडत नव्हतो. या इमारतीत बावीस वर्षे ते ठोके हेल्मीच्या काठीने दिले. ती गेल्यावर ठोके बंद झाले. मी त्यांची वाट पाहत होते."