दोन कॉम्प्युटरांची सेवाज्येष्ठता

टिल्लू झोपला की त्याच्या छातीतून आवाज येतो, हे मी तीन आठवडे घसा कोरडा करून सांगत होते. खर्र, खर्र, मग बारीकशी शीळ. तोही फक्त दुपारी. रात्री अगदी चुप्प, त्यामुळे तर माझा जीव आणखीच टांगणीला. डॉक्टरीणबाईंनी दोनदा तपासून छाती साफ असल्याचं सांगितलं. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "मग रेकॉर्ड करून आणा." मी एकशे बारा वेळा केला.

झोपलेल्या बाळाजवळ मी फोन ठेवत नाही. दुपारी टिल्लू सासऱ्यांच्या खोलीत झोपतो आणि ते शेजारी कॉम्प्युटरवर पत्ते खेळत त्याला सांभाळतात. त्या कॉम्प्युटरलाच माइक लावून सगळं रेकॉर्ड केलेलं. दवाखान्याची वेळ चारची. दोन वाजता नवरा ते सगळं भरून घ्यायला पेनड्राइव्ह घेऊन आला आणि कॉम्प्युटरच्या त्या जुन्या डब्याभोवती एक प्रदक्षिणा घालून उभा राहिला.

"याची भोकं कुठे गेली?"

"बुजवली. नळ गळल्यावर लावतात ना, त्या राखाडी लगद्याने. टिल्लू बोटं घालत होता."

"अगं, बोट जात नाही त्यात!"

"तुझं जात नाही."

रिकाम्या भोकांपैकी मागच्या बाजूचं नेटवर्क केबलचं एकच माझ्या हातून सुटलं होतं. नवऱ्याने केबल आणून तिचं दुसरं टोक आपल्या लॅपटॉपला जोडलं. "आता दोघांना नंबर द्यायचे, की ओळखतील एकमेकांना. शेवटचा आकडा तेवढा वेगळा हवा. माझ्याला एक, बाबांच्याला दोन."

"का?" सासरे म्हणाले. एकतीस वर्षं त्यांनी ऑफिसात लोकांच्या सेवाज्येष्ठतेच्या याद्या केल्या आहेत. "माझा आधी रुजू झालाय. तुझा परवाचा."

"बाबा, तो नुसता आकडा आहे."

"नुसता आहे ना? मग दे की मला."

नवराही त्यांचाच मुलगा. दोघांनी आपापल्या मशीनला 'एक' ठोकला आणि पाठ फिरवून बसले. मशिनींनीही तेच केलं. हा नंबर आधीच कोणीतरी घेतलाय, एवढंच स्क्रीनवर. पावणेतीन झाले.

"एक नंबर कोणालाच नाही!" मी ओरडले. "बाबांचा दोन, तुझा तीन. माझ्या लेकराची छाती काय तुमच्या आकड्यांसाठी थांबणार आहे?"

सासऱ्यांनी चष्मा पुसला. "पद रिक्त ठेवायचं म्हणतेस. हं. नियमात बसतं."

फाइली सरकू लागल्या. केबल जेमतेम दोन हात, म्हणून बापलेक गुडघ्याला गुडघा लावून, श्वास रोखून बसलेले. टिल्लूने केबल ओढू नये म्हणून मी त्याला कडेवर घेऊन दारात उभी. तो टक्क जागा, माझी वेणी चघळत होता.

खर्र. खर्र. मग बारीकशी शीळ.

मी त्याच्या छातीला कान लावला. आत फक्त धडधड. पुन्हा खर्र. मी टिल्लूला नवऱ्याच्या मांडीत दिलं, टेबलाखाली शिरले आणि डब्याला कान लावला.

"पंखा," मी म्हणाले. "याच्या आतला पंखा आहे."

"एकशे बारा वेळा," नवरा म्हणाला आणि असा हसू लागला की टिल्लू त्याच्या मांडीवर उडायला लागला. मी टेबलाखालीच बसून रडले. तीन आठवडे मी त्या छातीवर हात ठेवून झोपत होते.

सासऱ्यांचा चेहरा मात्र उतरला होता. "कधीपासून होतंय हे?"

"तीन आठवडे."

"आणि मला कोणी बोललं नाही." ते खाली वाकले, डब्यावर हात ठेवला. "कढत आहे गं, सूनबाई. चारची वेळ घेतलीच आहे ना?"

"त्या लहान मुलांच्या डॉक्टर आहेत, बाबा!" नवरा म्हणाला.

"मग? अकराचाच आहे हा."

खरं तर मी फोन करून वेळ रद्द करायला हवी होती. पण पंख्यात शीळ आहे म्हणून लेकराच्या छातीत नाहीच, हे कोण सांगणार? मी टिल्लूला टोपी घातली. सासरे केबल सोडवून विचारत होते, "याला उभाच नेऊ, की आडवा?"