टेकडीच्या पाण्याचा वाटा

मित्रांनो, मी एक जुना दगडी बंधारा आहे. साक्रीच्या पश्चिमेला, दोन टेकड्यांच्या बेचक्यात, ओढ्याला आडवा पडून आहे. वय विचारू नका. म्हाताऱ्यांना ते आवडत नाही, आणि मला ते नीट ठाऊकही नाही. चुना, गूळ आणि बेलफळाचा गर कालवून मला बांधलं. तो चुना अजून सुटलेला नाही, एवढं मात्र मी छाती पुढे काढून सांगतो!

माझं काम सोपं. ओढा अडवायचा आणि पाणी पाटात वळवायचं. पाटाखाली गावाची शेती. तिचे चार मोठे तुकडे, त्यांना फड म्हणतात. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि पाणी वरच्या फडापासून ओळीने खाली सोडायचं. दिवाळी झाली की गावकरी माझ्या भिंतीवर जमत, ओढ्याची धार बघत आणि यंदा किती फड भिजतील ते ठरवत. चौथ्या फडाची पाळी क्वचितच येई.

भागाबाईचं वावर नेमकं त्या चौथ्या फडात होतं. नवरा तरुणपणीच गेला. भावकीच्या वाटणीत बाकीचं सगळं दिरांकडे गेलं आणि हिच्या पदरात हा शेवटचा तुकडा पडला. पाणी आलं तर गहू, नाही तर धुळ्याच्या कापसाच्या जिनात मजुरी. दर वर्षी दिवाळीनंतर ती भिंतीच्या टोकाला उभी राही आणि धारेकडे बघत राही. तिची नजर मला सोसत नसे. मी तरी काय करणार? वरून येईल तेवढंच माझ्या हाती.

वरची टेकडी तेव्हा सागवान, ऐन, धावडा यांनी गच्च भरलेली होती. पडलेल्या पावसातलं थोडं झाडं पीत, थोडं जमीन पोटात ठेवी आणि उरलेलं माझ्याकडे येई. जमिनीच्या पोटातलं पाणी पुढे हिवाळाभर झिरपत राही. ती धार बारीक असे, पण आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, तुटत नसे.

पहिल्या महायुद्धाच्या दिवसांत लाकडाचा कोळसा पाडणारा एक ठेकेदार आला आणि त्याने तोडीसाठी टेकडी मागितली. ती गावाच्या मालकीची. माझ्याच भिंतीवर बैठक बसली. भागाबाई डोक्यावरचा पदर सावरून उभी राहिली.

"झाडे बठ्ठं पानी पी जातस," ती म्हणाली. "तोडी टाका, मंग देखा ओढाले कितलं पानी येस ते!"

पाट सांभाळणारा झुलाल बसल्या जागी चुळबुळला. "पेतस ते खरं शे, भागाअक्का. पन एकदम बठ्ठी टेकडी बोडकी करानी का?"

"तुमनं वावर वरला फडमा शे, झुलालभाऊ. तुम्हले काय?"

बैठकीने ठेकेदाराला होकार दिला. टेकडीवरची झाडं तुटली.

आणि मित्रांनो, भागाबाईचं खरं ठरलं! त्या हिवाळ्यात ओढ्याला एवढं पाणी आलं, की मीच चकित झालो. पिणारं कोणी उरलं नव्हतं, म्हणून झाडांचाही वाटा माझ्याकडे आला. चौथा फड भिजला. भागाबाईने भिंतीला नारळ फोडला आणि माझ्या दगडांना कुंकू लावलं. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, तसं गावाचं झालं. चौथ्या फडात सगळ्यांनी ऊस लावला. तिनेही लावला.

पण झाडं गेल्यावर मुळंही कुजली. पुढचे पावसाळे आले ते लाल पाणी घेऊन. पूर्वी जमीन पाऊस सावकाश गिळायची. आता तो एका दुपारीत टेकडीवरून धडधडत उतरे, माती सोबत आणी आणि माझ्या डोक्यावरून निघून जाई. माझं पोट गाळाने भरलं. पावसात पूर आणि संक्रांतीला ओढा कोरडा. उभा ऊस वाळला. भागाबाई त्या वाळक्या उसात बसून ढसाढसा रडली.

पुन्हा बैठक झाली. गावचा म्हातारा कारभारी पितांबर म्हणाला, भिंतीची उंची वाढवू. मला तर हसूच आलं. पाणीच येत नाही, तर उंची घेऊन काय करू? तेवढ्यात भागाबाई उठली.

"तोडा म्हनीसन मीच सांगं व्हतं. आते मीच सांगस, टेकडीले कुऱ्हाड लावू नका, ढोरं धाडू नका."

"आन् तुन्या बकऱ्या कोठे चरतीन?" पितांबरने विचारलं.

सगळे गालात हसले. ऊस गेल्यावर त्या बकऱ्यांवरच तर तिची चूल पेटत होती.

"इकी टाकसू," ती म्हणाली.

पुढच्या बाजाराला तिने त्या खरंच विकल्या. मग बाकीच्यांनीही आपली ढोरं टेकडीवरून खाली आणली. टेकडी राखायची ठरली. भागाबाई धुळ्याला जिनात गेली. दर पावसाळ्यात ती परत येई, टेकडीवर ऐनाच्या, धावड्याच्या बिया टोकत फिरे आणि पुन्हा मजुरीला जाई. किती बिया वाया गेल्या म्हणून सांगू! मधली कितीतरी वर्षं ओढा संक्रांतीलाच आटत राहिला. लोक तिला वेडी म्हणत.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षीच्या माघातली गोष्ट. धार टिकून होती. दिवाळीनंतरच झुलालने तिला गहू पेरायला धुळ्याहून बोलावून घेतलं होतं; आता त्याने चौथ्या फडाचं बारं, म्हणजे पाटाचं तोंड, उघडलं. पाणी तिच्या गव्हात शिरलं तेव्हा ती काठी टेकत पाटात उतरली. केस पांढरे, पाठ वाकलेली.

शेजारच्या वावरातला धनसिंग हसत म्हणाला, "अक्का, झाडे पेतीन नही त याना दुप्पट पानी येई!"

"पेवू दे त्यास्ले," ती म्हणाली. "राखनदारले भाकर नको का?"

मित्रांनो, माझे दगड निखळले तर जरूर बसवा, गाळही काढा. पण आधी वर टेकडीकडे बघत जा. मला बांधायला गावाला एक उन्हाळा पुरला. टेकडीला भागाबाईचं सगळं तरुणपण लागलं.