न दिलेली हाक

मी एक म्हातारी प्यूमा आहे. माझं नाव कवडी. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी प्यूमा पाहिली नसेल, म्हणून आधी सांगते. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके पुसून टाका, कातडीला पिकल्या गव्हाचा रंग द्या, की झाली प्यूमा. आमचा मूळ मुलूख सातासमुद्रापलीकडचा. मी तो कधी पाहिलेला नाही. माझा जन्म मांडवगण फराट्याच्या शिवारात, भीमेकाठच्या उसाला लागून असलेल्या एका छोट्या प्राणिसंग्रहालयात झाला. इकडे उसात बिबटे फिरतात, त्यामुळे पाहायला येणारी माणसं माझ्यासमोर उभी राहून एकमेकांना विचारतात, "ह्यो बिबट्या हाय, तर ठिपकं कुठं गेलं?"

मित्रांनो, शौर्याच्या गोष्टी तुम्ही वाघांकडून ऐका. माझ्याकडे आहे ती मत्सराची गोष्ट.

आम्ही दोघी बहिणी एकाच वेळी जन्मलो. ती रेशीम आणि मी कवडी. माझा मागचा डावा पाय जन्मापासून आत वळलेला होता. आई पाजायला आडवी झाली की रेशीम पुढे घुसायची आणि मी मागेच राहायची. चौथ्या दिवशी मी हलेनाशी झाले, तेव्हा म्हाळूमामांनी मला उचललं. म्हाळूमामा म्हणजे आमची देखभाल करणारा माणूस. गावातलाच, घरी दोन म्हशी बाळगून असलेला. त्यांनी मला बाटलीने दूध पाजलं. थंडीच्या दिवसांत सदऱ्याच्या आत घालून फिरवलं. रेशीमला आई होती आणि मला म्हाळूमामा होते. वाटणी बरोबर झाली, असं मला वाटायचं.

मी मोठी झाल्यावर त्यांनी पिंजऱ्यात येणं बंद केलं. तसा नियमच होता. पण दुपारची भाकरी खाल्ली की ते प्लॅस्टिकची खुर्ची माझ्या जाळीपुढे टाकून बसत. तंबाखू मळता मळता मला म्हशींच्या कागाळ्या सांगत. रेशीमचा पिंजरा माझ्या शेजारीच होता. ती तिथून पाहत राही. तिच्यापुढे खुर्ची नव्हती, याचं मला फार सुख होतं.

आम्ही तीन वर्षांच्या झालो आणि रेशीमच्या पलीकडच्या रिकाम्या पिंजऱ्यात भैरू आला. भैरू हा आमच्याच जातीचा नर, दूरच्या एका प्राणिसंग्रहालयातून आणलेला. त्याच सुमारास दीक्षा डॉक्टरही आल्या. त्या कारेगावच्या. वडील कंपनीत कामाला होते, आणि या आठवड्यातून एक-दोनदा स्कूटीवरून येत. त्यांनी दोन दिवस आम्हा दोघींना नीट पाहिलं आणि माझ्यासमोरच निर्णय सांगून टाकला.

"मामा, पिल्लं रेशीमलाच होऊ द्यायची. कवडीचा पाय वाकडा आहे. तिला बाळंतपण जड जाईल, आणि तो दोष पिल्लांतही उतरू शकतो."

"आन् कवडीचं मग?"

"तिच्या कातडीखाली औषधाची एक कांडी बसवू. तांदळाच्या दाण्याएवढी असते. सुरुवातीचे काही दिवस तिचा माज उलट वाढेल, मग दोन वर्षं शांत राहील."

माज म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी गाय आहे त्यांना सांगायला नको. मादी पिल्लांसाठी तयार झाली की काही दिवस तिचं वागणं बदलतं. आमच्यात ती मोठमोठ्याने हाका मारते, गाल घासते, जमिनीवर लोळते. हे दर तीन आठवड्यांनी होतं आणि आठवडाभर टिकतं. नर-मादीच्या पिंजऱ्यांमधलं दार याच दिवसांत उघडायचं असतं. दिवस चुकला तर नर आणि मादी एकमेकांना फाडतात, कारण आम्ही एकट्याने राहणारी जनावरं आहोत. म्हणून डॉक्टरांनी आधी रेशीमच्या खोलीतलं गवत भैरूकडे टाकायला लावलं आणि भैरूचं तिच्याकडे. दोघांना एकमेकांचा वास सवयीचा झाला. मधल्या जाळीतून ओळख झाली. आता राहिलं होतं फक्त योग्य दिवस ओळखणं, आणि ते काम म्हाळूमामांवर सोपवलं गेलं.

त्यांनी खुर्ची उचलली आणि रेशीमच्या जाळीपुढे नेऊन ठेवली.

मित्रांनो, भैरू तिला मिळाला याचं मला काही वाटलं नाही. तो दिसायला बरा होता, पण खाताना फार आवाज करायचा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती त्या खुर्चीमुळे. माझा माणूस आता सकाळ-दुपार तिच्याकडे टक लावून बसायचा. तिने शेपूट हलवली तरी वहीत लिहायचा. मी जाळीवर पंजे मारले, पाण्याचं टाकं उलटं केलं. ते यायचे, टाकं सरळ करायचे, "गप, कवडे," म्हणायचे आणि परत तिकडे जायचे. रेशीम शांतपणे पंजे चाटत बसायची. तिचा तो शांतपणाही माझ्या डोळ्यांत खुपायचा.

मग मला कांडी बसवली. डॉक्टर म्हणाल्या तसंच झालं. चार-पाच दिवसांत माझं अंग पेटल्यासारखं झालं आणि मी हाका मारू लागले. नेमके तेव्हाच म्हाळूमामा रजेवर गेले. त्यांची लेक सविता दौंडला सासरी होती, तिचं बाळंतपण होतं. त्यांच्या जागी हरणांकडचा ईश्वर आला. माणूस चांगला होता, पण आम्हा दोघींचा आवाज त्याला सारखाच वाटायचा. दिवसभर पिंजऱ्याच्या मागच्या खोल्यांतून हाका ऐकून त्याने डॉक्टरांना फोन केला.

तिसऱ्या दिवशी सकाळी स्कूटीचा आवाज आला. मी खोलीतून बाहेर येऊन बसले आणि गप्प झाले. रेशीम उन्हात लोळत होती. ती रोजच लोळायची. माझ्या हाकांनी बेभान झालेला भैरू मधल्या दारापाशी येरझाऱ्या घालत होता.

"कधीपासून ओरडतेय?" डॉक्टरांनी विचारलं.

"परवापास्नं, मॅडम." ईश्वरने रेशीमकडे बोट दाखवलं. "हीच हाय. आता बगा कशी लोळतीय."

"कवडी नाही ना? तिला नुकतीच कांडी बसवलीय."

"ती? ती तर ह्ये गप बसलीय."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

त्या वेळी मी एक हाक मारली असती तर दार उघडलं नसतं. हाक माझ्या घशापर्यंत आली होती. पण मला दिसत होती ती रेशीमपुढची खुर्ची. ती रिकामी होती आणि तरीही तिच्याच पुढे होती. मी हाक गिळली.

ईश्वरने साखळी ओढली आणि लोखंडी दार वर गेलं. भैरू आत झेपावला. रेशीमने कान मागे पाडले, दात दाखवले, पण त्याला ते समजायला उशीर झाला. पुढचं सगळं मोजून दहा श्वासांत घडलं. ईश्वरने पाण्याचा पाइप सोडला, डॉक्टरांनी पत्र्यावर काठी बडवली, तेव्हा कुठे भैरू मागे हटला आणि दार पडलं. रेशीमचा उजवा कान अर्धा फाटला होता. खांद्यावर चार खोल ओरखडे होते. डॉक्टरांनी तिला बेशुद्ध करून टाके घातले. "चूक माझी आहे," त्या ईश्वरला म्हणाल्या. "तू जे ऐकलंस ते सांगितलंस. मी पाहायला हवं होतं."

चूक कोणाची होती, हे फक्त मला ठाऊक होतं. आणि खरं सांगू? रेशीमला उचलून नेताना मला वाईट वाटलं नाही. आता खुर्ची परत येईल, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी म्हाळूमामा आले. नातू झाल्याचे पेढे पिशवीत तसेच राहिले. रेशीमच्या जखमा पाहून ते भिंतीला टेकून उभे राहिले. इतक्यात माझ्या अंगात पुन्हा कळ उठली आणि माझ्या तोंडून हाक निघून गेली. त्यांनी मान वळवली.

"डॉक्टरबाई," ते हळू म्हणाले, "रेशीम न्हाई वरडली. ही वरडलीय. हिचा आवाज मी धा जणींत वळखीन."

"पण मी आले तेव्हा ती एकदम गप्प होती, मामा."

म्हाळूमामा माझ्याकडे पाहत राहिले. जनावराच्या मनातलं माणसाला कळत नाही असं म्हणतात. त्यांना कळलं असावं. त्या दिवशी त्यांनी मला मांस टाकलं, पाणी भरलं, पण माझं नाव घेतलं नाही.

प्राणिसंग्रहालयाच्या मालकांनी भैरूला परत पाठवायचं ठरवलं. दीक्षा डॉक्टरांनी दोन महिन्यांची मुदत मागून घेतली, आणि म्हाळूमामांच्या सांगण्यावरून मला तिथून हलवलं. माझ्या हाकांनी पुन्हा घोटाळा नको, म्हणून उसाच्या कडेचा शेवटचा पिंजरा मला मिळाला. तिथून मला दिसायची ती फक्त म्हाळूमामांची पाठ. ते रेशीमपुढे बसलेले असायचे. माझी हाक कांडीने हळूहळू बंद पडली. आत राहिला तो जळफळाट. त्यावर कुठली कांडी चालत नाही.

रेशीमच्या जखमा भरल्या. एक दिवस डॉक्टर आणि मामा बोलत माझ्या बाजूने चालले होते.

"मामा, दीड महिना झाला. ती एकदाही ओरडली नाही. बहुतेक माजावर येतच नाहीये."

"येती. पर हिचा माज मुका हाय. आमच्या थोरल्या म्हशीचा बी असाच."

"मग ओळखायचा कसा?"

"बसून," म्हाळूमामा म्हणाले.

ते अकरा दिवस बसले. बाराव्या दिवशी रेशीमने मांस अर्धं टाकलं, पाण्याच्या टाक्याच्या कडेला गाल घासला आणि भैरूच्या जाळीपाशी जाऊन पाखरासारखी बारीक चिवचिवली. एवढंच. म्हाळूमामांनी हात वर केला. दार उघडलं, आणि या वेळी कोणी कोणाला ओरखडलं नाही. चार दिवसांनी भैरूला बाजूला काढलं, कारण आमच्यातला नर पिल्लांच्या जिवावर उठतो. तीन महिन्यांनी रेशीमच्या लाकडी पेटीतून शीळ घातल्यासारखे दोन आवाज आले.

पिल्लांच्या अंगावर ठिपके असतात, मित्रांनो. मोठं होताना ते पुसट होत जातात. माणसं रांगा लावून आली, पण डॉक्टरांनी दोरी बांधून सगळ्यांना लांब ठेवलं. पहिलटकरीण घाबरली तर पिल्लं तोंडात धरून सैरावैरा फिरते, त्यात ती दगावतात. त्या पिंजऱ्यापाशी फक्त म्हाळूमामांना जायची परवानगी होती. दबक्या पावलांनी जाणारा माझा माणूस मी लांबून पाहायची. मी खाणं सोडलं.

पाच दिवसांनी डॉक्टरांनी माझं रक्त तपासलं, दात पाहिले. त्यांना काही सापडेना.

"आजार न्हाई, डॉक्टरबाई," म्हाळूमामा म्हणाले. "रुसलीय ती."

"मामा, रुसवा मी कुठल्या रकान्यात लिहू?"

"नका लिवू. पर चूक आपलीच हाय. चार दिसाची व्हती तवा मी उचलली, आन् दुसरं काम आलं तशी खाली ठिवली. जनावराला काय सांगितलं आपण? कायच न्हाई."

डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं आणि माझ्या तक्त्यावर लिहिलं. लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "रोज अर्धा तास. म्हाळूमामा. औषध समजून द्यावे."

दुसऱ्या दिवशी मामा आले आणि जमिनीवरच बसले. म्हणाले, "कवडे, नातवाचं नाव सत्यजीत ठिवलं." मी तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशीही फिरवलं. चौथ्या दिवशी मी मांस खाल्लं, पण त्यांच्याकडे पाठ करून.

पिल्लं चार महिन्यांची झाल्यावर मला जुन्या पिंजऱ्यात परत आणलं. मधे जाळी होती. रेशीम जाळीपाशी आली, आणि तिचा फाटका कान मी पहिल्यांदा जवळून पाहिला. कडा खरखरीत होती, मधे केस उगवले नव्हते. मला वाटलं ती फिसकारेल. तिने माझा वास घेतला. मग ती वळली, दोन्ही पिल्लं पोटाशी घेतली आणि जाळीला पाठ लावून झोपून गेली. आमच्यातली मादी पिल्लं जवळ असताना ज्याची भीती वाटते त्याच्याकडे पाठ करून झोपत नाही. मी काय केलं होतं ते तिला ठाऊकच नव्हतं. आणि मला ते तिला कधी सांगताही येणार नव्हतं. त्या दुपारी मी जाळीच्या अलीकडे तिच्या पाठीला लागून जागी बसून राहिले.

पिल्लं मोठी होऊन दुसरीकडे गेली. भैरूही गेला. आता आम्ही दोघीच म्हाताऱ्या उरलो आहोत. म्हाळूमामा निवृत्त झाले, तरी अधूनमधून येतात आणि आधी कोणाकडे जातात यावर माझं अजूनही लक्ष असतं. स्वभावाला औषध नाही. 

मित्रांनो, कधी इकडे आलात तर जाळीवर खडे मारू नका. आमच्यासमोर थोडा वेळ नुसतं उभं राहून पाहा. जे ओरडत नाही त्याचंही काहीतरी चाललेलं असतं. आणि तुमच्या घरात नवं वासरू, नवं कुत्रं, नवं बाळ, कोणीही आलं, तरी आधीपासून जे आहे त्याच्याजवळ रोज थोडा वेळ बसत जा. ते तोंड फिरवेल. तरी बसा.